विंडोज सर्व्हरवरील डीएनएसच्या शिळ्या नोंदी: साफसफाईचा क्रम आणि दिवसांचा हिशेब

लेखा विभागातील एका संगणकाला त्याच्या नावाने पिंग केले तर उत्तर येते, पण त्यावरचा सामायिक फोल्डर उघडायला गेल्यास खात्याचे नाव चुकीचे असल्याचा संदेश येतो आणि संकेतशब्द दहा वेळा तपासूनही काही उमगत नाही. अशा वेळी बहुधा ते नाव आणि तो आयपी पत्ता यांची फारकत झालेली असते. लेखा विभागाच्या संगणकाने तो पत्ता केव्हाच सोडलेला असतो, डीएचसीपीने (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) तोच पत्ता स्टोअरमधील दुसऱ्या संगणकाला दिलेला असतो आणि डीएनएसमधील (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतील) जुनी नोंद मात्र जागेवरच असते. केर्बेरॉसचे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या विंडोजच्या पद्धतीचे, तिकीट एका संगणकाच्या नावाने निघते आणि पोहोचते दुसऱ्याच संगणकापाशी. त्याला ते उलगडता येत नाही, म्हणून तो ते परत करतो. पिंगला नावाशी देणेघेणे नसते, त्यामुळे ते खुशाल उत्तर देते.

अशा नोंदींना आपण सगळेच स्टेल रेकॉर्ड म्हणतो. या लेखात मी त्यांना शिळ्या नोंदी म्हणणार आहे. हा लेख अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी (खाती आणि संगणक यांच्या विंडोजच्या मध्यवर्ती यादीशी) जोडलेल्या विंडोज डीएनएस सर्व्हरपुरताच मर्यादित आहे, कारण छोट्या-मध्यम कारखान्यांत आणि कार्यालयांत बहुतेक वेळा हाच सर्व्हर आढळतो आणि वर्षानुवर्षे कोणी त्याच्याकडे पाहत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: हे काम माउसने कमी आणि कॅलेंडरने जास्त करायचे असते. येथे आज केलेली चूक आज दिसत नाही, ती दोन-तीन आठवड्यांनी दिसते.

हाताशी काय असावे

- डीएनएस सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार असलेले खाते, आणि डीएचसीपी वेगळ्या सर्व्हरवर असल्यास तिथलेही.
- डीएनएस मॅनेजर आणि पॉवरशेलमधील डीएनएस सर्व्हरचे मोड्यूल.
- स्थिर आयपी पत्ते दिलेल्या उपकरणांची यादी: प्रिंटर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, हजेरीची यंत्रे, लिनक्स सर्व्हर, स्विच, वजनकाट्याचा संगणक. बहुतेक ठिकाणी अशी यादी नसते. नसेल तर ती तयार करणे हेच खरे पहिले काम आहे.
- प्रत्येक स्कोपचा (डीएचसीपी ज्यातून पत्ते वाटतो त्या पट्ट्याचा) लीज, म्हणजे पत्ता वापरण्याची मुदत, किती दिवसांचा आहे याची नोंद.
- सध्या चालू असलेल्या आणि पूर्वी बंद केलेल्या डोमेन कंट्रोलरांची, म्हणजे ही डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरांची, नावे.
- एक साधी वही किंवा एक्सेल फाइल, जिच्यात प्रत्येक बदल तारखेसह लिहिला जाईल.

१. नोंद कुठून आली हे आधी ओळखा

डीएनएस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत जाऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडा. त्याशिवाय पुढचे अर्धे पर्याय दिसणारच नाहीत. आता झोन (एका डोमेनच्या नोंदींचा संच) उघडून 'टाइमस्टॅम्प' हा, म्हणजे नोंद शेवटची केव्हा ताजी झाली ते सांगणारा, रकाना पाहा. ज्या नोंदीपुढे 'स्टॅटिक' असे लिहिलेले असते ती कोणीतरी हाताने भरलेली असते. तिचा टाइमस्टॅम्प शून्य असतो आणि आपोआप होणारी साफसफाई तिला कधीही हात लावत नाही. ज्या नोंदीपुढे तारीख आणि वेळ असते ती संगणकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने डीएचसीपीने टाकलेली असते, आणि तीच आपोआप मिटवली जाऊ शकते.

ही वेळ पूर्ण तासाचीच का असते असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर असे की, १ जानेवारी १६०१ पासून किती तास झाले एवढाच आकडा नोंदीसोबत साठवला जातो. मिनिटांना तिथे जागाच नसते.

पॉवरशेलने संपूर्ण झोनची यादी काढून ती टाइमस्टॅम्पच्या क्रमाने लावा. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या तारखांच्या नोंदी खंडीभर निघतील. हात शिवशिवतील, तरीही आत्ता काहीच मिटवू नका. झोनवर एजिंग, म्हणजे नोंदींचे वय मोजणे, बंद असते तेव्हा टाइमस्टॅम्पचे नूतनीकरण सर्व सर्व्हरांपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे आज रोज वापरात असलेल्या संगणकापुढेही दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसू शकते. निव्वळ जुनी तारीख पाहून नोंद मेलेली आहे असे ठरवणे ही नवख्यांची सर्वात सामान्य चूक आहे.

२. झोनची प्रत काढा

पॉवरशेलमधील झोन एक्स्पोर्ट करणारी आज्ञा वापरून प्रत्येक झोनची प्रत काढा. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये येते आणि विंडोजच्या सिस्टम३२ मधील डीएनएस फोल्डरमध्ये पडते. त्याच नावाची फाइल तिथे आधीपासून असेल तर आज्ञा चूक दाखवून थांबते, म्हणून फाइलच्या नावात तारीख घाला. नंतर ती प्रत दुसऱ्या यंत्रावर हलवा. एखादी नोंद चुकून गेलीच, तर तिचा पत्ता काय होता हे सांगणारी ही एकमेव फाइल असेल.

३. दिवसांचे गणित समजून घ्या

या कामात तीन वेगवेगळे कालावधी येतात, आणि तिन्हींचे मूळ मूल्य ७ दिवस असल्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.

पहिला नो-रिफ्रेश कालावधी. संगणकाने नोंद ताजी केल्यानंतर पुढचे ७ दिवस, तीच नोंद त्याच पत्त्यासह पुन्हा ताजी करण्याची त्याची विनंती सर्व्हर मनावर घेत नाही. विंडोजचा संगणक दर २४ तासांनी अशी विनंती करतो. प्रत्येक विनंतीला टाइमस्टॅम्प बदलत राहिला तर तो बदल सर्व डोमेन कंट्रोलरांवर फिरत राहील आणि प्रतिकृतीचा भार विनाकारण वाढेल, एवढाच याचा हेतू आहे. पत्ता खरोखर बदलला असेल तर मात्र ती विनंती या कालावधीतही लगेच स्वीकारली जाते.

दुसरा रिफ्रेश कालावधी. त्यापुढच्या ७ दिवसांत संगणकाने कधीही विनंती केली तर टाइमस्टॅम्प नवा होतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हेही ७ दिवस कोरडे गेले, तर नोंद शिळी ठरते.

तिसरा स्कॅव्हेंजिंगचा कालावधी. शिळ्या नोंदी उचलणारी फेरी किती दिवसांनी निघते, ते यावरून ठरते.

उदाहरण घेऊ. एका लॅपटॉपची नोंद १ जूनला ताजी झाली आणि ५ जूनला तो लॅपटॉप भंगारात निघाला. १ ते ८ जून हा नो-रिफ्रेश कालावधी आहे, त्यामुळे लॅपटॉप ५ तारखेपर्यंत चालू असूनही टाइमस्टॅम्प १ जूनचाच राहतो. १५ जूनला रिफ्रेश कालावधी संपतो आणि नोंद शिळी ठरते. फेरी सात दिवसांनी एकदा निघत असल्याने नोंद प्रत्यक्षात १५ ते २२ जूनच्या दरम्यान कधीतरी जाते. म्हणजेच सर्व काही नीट बसवलेले असतानाही एखादी नोंद तीन आठवडे राहू शकते, आणि यात काहीही बिघडलेले नसते.

हे कालावधी कमी करण्याचा मोह आवरा. लांब सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपची नोंद गेली तरी फारसे बिघडत नाही, कारण यंत्र जोडले जाताच ते स्वतःची नोंद पुन्हा करते. पण लीजचा हिशेब चुकला तर चालू यंत्रांच्या नोंदीही जातात. समजा, एका स्कोपचा लीज ३० दिवसांचा आहे आणि तिथल्या उपकरणांच्या नोंदी डीएचसीपीच करतो. लीजचे नूतनीकरण निम्म्या मुदतीत, म्हणजे पंधराव्या दिवशी होते. नोंद मात्र चौदाव्या दिवशीच शिळी ठरलेली असते. अशा ठिकाणी लीज कमी करावा किंवा दोन्ही कालावधी वाढवावेत. विंडोज डीएचसीपीचा मूळचा ८ दिवसांचा लीज असेल तर नूतनीकरण चौथ्या दिवशी होते आणि ७ अधिक ७ चे गणित निवांत बसते.

४. झोनवर एजिंग सुरू करा, आणि तेवढेच करा

झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'जनरल' या पानावर 'एजिंग' असे बटण असते. तेथील शिळ्या नोंदी उचलण्याच्या पर्यायावर खूण करा आणि दोन्ही कालावधी ७ दिवसच ठेवा. तेच उलट्या झोनसाठी, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या पीटीआर नोंदींच्या झोनसाठीही करा. तो झोन बहुतेक जण विसरतात, आणि मग एका पत्त्यापुढे तीन-तीन संगणकांची नावे साठून राहतात.

सर्व्हरवरील स्वयंचलित स्कॅव्हेंजिंग मात्र या टप्प्यावर बंदच असू द्या. एजिंग सुरू केल्याने काहीही मिटत नाही. फक्त आजपासून टाइमस्टॅम्प प्रामाणिकपणे लागू लागतात.

येथे एका सापळ्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात मी स्वतः अडकलो होतो. जुन्या डीएनएस-सीएमडी साधनात सर्व नोंदींना 'वय' लावणारी, एज-ऑल-रेकॉर्ड्स नावाची एक आज्ञा आहे. टाइमस्टॅम्प लवकर नीट व्हावेत म्हणून मी ती संपूर्ण झोनवर चालवली. तिने हाताने भरलेल्या स्टॅटिक नोंदींनाही त्या दिवशीची तारीख लावली. त्या दिवशी काहीच झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मी ते विसरून गेलो. जवळजवळ तीन आठवड्यांनी एका सकाळी फाटकावर मालाच्या गाड्यांची रांग लागली, कारण वजनकाट्याच्या खोलीतून पावती निघेना. काट्यावर वजन दिसत होते, चालक खिडकीत हात घालून उभा होता आणि पडद्यावर 'सर्व्हर सापडत नाही' एवढेच येत होते. काट्याचे सॉफ्टवेअर ज्या लिनक्स सर्व्हरला नावाने शोधत होते, त्याची नोंद आदल्या रात्रीच्या फेरीत गेली होती. तो सर्व्हर स्वतःची नोंद कधीच ताजी करत नव्हता, आणि करण्याचे त्याला कारणही नव्हते. आम्ही केबल बदलली, स्विच बदलला, प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. तीन आठवड्यांपूर्वीची ती एक आज्ञा दुपारी आठवली. तेव्हापासून वर सांगितलेली वही ठेवतो.

तुमच्या आधीच्या कोणी हीच आज्ञा चालवलेली असू शकते. शिवाय नोंद हाताने भरताना, शिळी झाल्यास मिटवण्याच्या पर्यायावर कोणी चुकून खूण केली तरी तोच परिणाम होतो. म्हणूनच पुढची पायरी टाळता येत नाही.

५. दोन-तीन आठवडे थांबा आणि मग यादी वाचा

एजिंग सुरू केल्यापासून किमान १४ दिवस, शक्य असल्यास २१ दिवस थांबा. या काळात चालू असलेला प्रत्येक विंडोज संगणक आपली नोंद ताजी करतो. त्यानंतर पुन्हा टाइमस्टॅम्पच्या क्रमाने यादी काढा. आता जिच्यापुढे जुनी तारीख उरली असेल ती नोंद खरोखर संशयास्पद आहे.

ही यादी स्थिर पत्त्यांच्या तुमच्या यादीशी ओळीने ताडून पाहा. प्रिंटर, रेकॉर्डर किंवा लिनक्स सर्व्हर यांपैकी कोणाच्याही नोंदीपुढे तारीख दिसली, तर नोंद उघडून शिळी झाल्यास मिटवण्याची खूण काढा आणि रकान्यात 'स्टॅटिक' आल्याची खात्री करा. डोमेनच्याच नावाने असलेल्या, म्हणजे 'पालक फोल्डरसारखेच' असे नाव दाखवणाऱ्या ए नोंदी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) डोमेन कंट्रोलरांच्या असतात. त्यांपैकी चालू कंट्रोलरच्या नोंदींवर ताजी तारीख नसेल, तर साफसफाई बाजूला ठेवून आधी त्या कंट्रोलरवर नेटलॉगॉन (कंट्रोलरच्या नोंदी डीएनएसमध्ये टाकणारी) सेवा नीट चालते आहे का ते पाहा.

उलट बाजूही तपासा. स्टॅटिक नोंदींतही शिळेपणा असतो. पाच वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या सर्व्हरची सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी) नोंद कोणतीही फेरी उचलणार नाही. ती तुम्हालाच ओळखून हाताने मिटवावी लागेल. मिटवण्यापूर्वी विभागप्रमुखांना एका ओळीचा ईमेल पाठवून लेखी होकार घ्यावा असे माझे मत आहे. पिंगला उत्तर येत नाही म्हणजे यंत्र नाही असे धरू नका, कारण विंडोजची फायरवॉल पिंग सहज अडवते.

६. एकाच सर्व्हरवर स्कॅव्हेंजिंग सुरू करा

सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर स्वयंचलित स्कॅव्हेंजिंगचा पर्याय आहे. झोन सर्व कंट्रोलरांवर एकच असल्याने एका सर्व्हरने फेरी मारली तरी पुरते. सर्वांवर ती सुरू ठेवल्यास कोणती नोंद कोणी उचलली याचा माग लागत नाही.

सेवा सुरू झाली की झोनची फेरीस पात्र होण्याची तारीख नव्याने मोजली जाते, आणि ती आजपासून एक रिफ्रेश कालावधी पुढे जाते. झोनच्या एजिंग खिडकीत, अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू चालू असल्यास, ही तारीख खालच्या बाजूला दिसते. दर आठवड्याला रीस्टार्ट होणारा सर्व्हर निवडलात तर फेरी कधीच निघणार नाही, आणि तुम्ही कारण शोधत बसाल. कमीत कमी वेळा रीस्टार्ट होणारा सर्व्हर निवडा.

७. डीएचसीपीची बाजूही सांभाळा, नाहीतर कचरा पुन्हा साठेल

स्कॅव्हेंजिंगला दोन-तीन आठवडे लागतात. वाय-फायच्या स्कोपचा लीज मात्र अनेकदा ८ तासांचा असतो. एकच पत्ता एका दिवसात तीन फोन-लॅपटॉपांकडून फिरून येतो आणि तिघांचीही नावे त्या पत्त्याला चिकटून राहतात. हे काम स्कॅव्हेंजिंगचे नाही. डीएचसीपीच्या स्कोपमध्ये डीएनएसच्या पानावर, लीज संपताच ए आणि पीटीआर नोंदी काढून टाकण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण असल्याची खात्री करा.

पण सुरक्षित अद्ययावतीकरण (फक्त ओळख पटलेल्यांनाच नोंदी करू देणे) चालू असेल, तर ज्याने नोंद तयार केली तोच ती बदलू किंवा मिटवू शकतो. ए नोंद संगणकाने स्वतः केलेली असेल तर डीएचसीपी ती काढू शकत नाही. दोन डीएचसीपी सर्व्हर असतील तर एकाची नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही. म्हणून फक्त याच कामासाठी साधे अधिकार असलेले एक वेगळे खाते तयार करून ते दोन्ही सर्व्हरांच्या डीएनएस क्रेडेन्शियलमध्ये भरा. डीएचसीपी डोमेन कंट्रोलरवरच चालत असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण नाहीतर तो कंट्रोलरच्या मोठ्या अधिकारांनी नोंदी करत राहतो. त्या खात्याच्या संकेतशब्दाची मुदत संपली तर नोंदी गुपचूप बंद पडतात, तेही वहीत लिहून ठेवा.

८. बंद पडलेल्या डोमेन कंट्रोलरच्या नोंदी

हा भाग सर्वांत नाजूक आहे. रीतसर डिमोट न करता (कंट्रोलरची भूमिका काढून न घेता) एखादा कंट्रोलर जळाला किंवा पुसला गेला असेल, तर त्याच्या नोंदी डझनभर ठिकाणी विखुरलेल्या असतात. डीएनएसपासून सुरुवात करू नका. त्याच्याकडे डिरेक्टरीच्या पाच विशेष भूमिकांपैकी कोणती होती का ते पाहून आधी ती दुसऱ्या कंट्रोलरकडे घ्या. मग विंडोज सर्व्हर २००८ किंवा त्यानंतरच्या साधनांतून त्याचे संगणक खाते मिटवा, म्हणजे डिरेक्टरीतील मेटाडेटाही त्यासोबत साफ होतो. 'साइट्स अँड सर्व्हिसेस' मध्ये त्याच्या नावाचा रिकामा सर्व्हर उरला असेल तर तोही काढा.

त्यानंतर डीएनएसमध्ये या जागा पाहा: एमएसडीसीएस (कंट्रोलर शोधण्याच्या नोंदींच्या) झोनमधील, लांबलचक जीयूआयडी (आकडे-अक्षरांची ओळखखूण) हेच नाव असलेली सीनेम नोंद, टीसीपी, यूडीपी आणि साइट्स या फोल्डरांतील एसआरव्ही (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) नोंदी, ज्यांत एलडॅपचे पोर्ट ३८९, केर्बेरॉसचे ८८ आणि ग्लोबल कॅटलॉगचे ३२६८ दिसते, डोमेन आणि फॉरेस्ट डीएनएस झोन या नावांखालील ए नोंदी, आणि शेवटी प्रत्येक झोनच्या प्रॉपर्टीजमधील 'नेम सर्व्हर्स' हे पान. त्या पानावरील एनएस (नेम सर्व्हर) नोंदींवर टाइमस्टॅम्प नसतो, त्यामुळे त्या कोणत्याही फेरीत जात नाहीत. मुख्य झोनमध्ये राखाडी रंगाचा एमएसडीसीएस फोल्डर दिसत असेल तर ते डेलिगेशन, म्हणजे तो भाग कोणत्या सर्व्हरांकडे सोपवला आहे ते सांगणारी नोंद, आहे, आणि त्यात मेलेल्या कंट्रोलरचेच नाव एकटे उरलेले असणे ही हमखास आढळणारी गोष्ट आहे. ते बदलून चालू कंट्रोलरांची नावे भरा.

चालू कंट्रोलरची एखादी एसआरव्ही नोंद चुकून गेली तर घाबरू नका. त्या कंट्रोलरवर नेटलॉगॉन सेवा रीस्टार्ट करा, ती आपल्या सर्व नोंदी पुन्हा करते. आणि हो, डीएचसीपीच्या ००६ क्रमांकाच्या पर्यायात जुन्या कंट्रोलरचा पत्ता डीएनएस सर्व्हर म्हणून अजून वाटला जात नाही ना, तेही पाहा. सकाळी लॉगिनला वेळ लागतो या तक्रारीचे मूळ अनेकदा तिथेच सापडते.

९. झाले की नाही ते कसे पाहावे

इव्हेंट व्ह्यूअरमधील डीएनएस सर्व्हरच्या लॉगमध्ये २५०१ क्रमांकाची नोंद आली तर फेरी झाली, आणि किती नोंदी तपासल्या व किती उचलल्या हे तिथेच लिहिलेले असते. २५०२ आली तर फेरी निघाली, पण तपासायला काहीच मिळाले नाही. याचे कारण बहुधा असे असते की, झोनवर एजिंग नाही किंवा झोन पात्र होण्याची तारीख अजून आलेली नाही.

नोंद मिटल्यावरही एखाद्या शाखेच्या सर्व्हरवर ती काही काळ दिसू शकते, कारण साइट लिंकवरील प्रतिकृतीचा मूळ अंतराल १८० मिनिटांचा असतो. वापरकर्त्याच्या संगणकावर जुनाच पत्ता येत असेल तर त्याचा डीएनएस कॅशे रिकामा करा, आणि त्यानेही फरक पडला नाही तर सर्व्हरचा कॅशे रिकामा करून पाहा. त्यानंतरही जुनाच पत्ता येत राहिला, तर त्या संगणकाची होस्ट्स फाइल उघडा. कोणीतरी कधीतरी घाईत तिथे तो पत्ता हाताने लिहून ठेवलेला असतो.